माळवदावरचा राखणदार

देवगाव फाट्यावर वाल्मीकचं मोटारी भरायचं दुकान व्हतं. विहिरीवरची मोटार जळाली की आजूबाजूच्या गावचा माणूस ती बैलगाडीत घालून थेट त्याच्याकडं आणायचा. जळालेली तार उपसायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, उन्हात वाळवायचं. हे काम त्यालाबी यायचं अन् त्याच्या बायकोला, मनकर्णालाबी. खरं सांगायचं तर तारेचे वेटोळे मनकर्णाच चांगले घालायची. पण पाटी नवऱ्याच्या नावाची, तसंच चालतंय.

वाल्मीकचं नाव झालं ते दुसऱ्याच गुणानं. कुणाचा स्टार्टर घडीघडी पडायला लागला की ह्याचा इलाज एकच. "डायरेक्ट करू!" मोटारीला वाचवायला म्हणून स्टार्टरमधी जे काही बसवलेलं असतंय ते बाजूला सारायचं, तारेला तार जोडायची, मोटार सुरू. करंट कमी असो का एक फेज गेलेला असो, पाणी यायलंय ना, बस्स. जळाली तर जळू दे, भरायला वाल्मीक हायच की. सगळ्या मुलखाची हीच रीत. एकट्या वाल्मीकला कामून बोल लावायचा?

तर त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात सेलूच्या चंद्रभानरावांचा सांगावा आला. मोठी असामी. शेतीवाडी, वर कापसाची जिनिंग. जिनिंगच्या समद्या मोटारी वाल्मीककडंच भरायला यायच्या, त्यामुळं सांगावा आला म्हणल्यावर गडी चप्पल घालत घालतच जीपमधी बसला.

मामला असा व्हता. चंद्रभानरावांचा धाकटा भाऊ नागनाथ दुबईला. त्यानं म्हाताऱ्या आईसाठी थंड हवेचं मशीन पाठवलं. एक लांबोडका डबा आईच्या खोलीत भिताडावर, अन् दुसरा चौकोनी, पंख्याचा, वर माळवदावर. आतला डबा गारवा सोडतो, वरचा डबा खोलीतली सगळी धग बाहेर फेकतो. दोन डब्यांच्या मधी तांब्याच्या नळ्या. त्या नळ्या माळवदाच्या साण्यातून, म्हणजे उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून, खाली सोडलेल्या. मशीन लय भारी. पण दुपार झाली की वरचा डबा गप व्हायचा. आतली लाल बत्ती लुकलुक करायची, अन् बस्स.

"परभणीचा मेकॅनिक येऊन गेला," चंद्रभानराव म्हणले. "म्हणतो व्होल्टेज कमी हाय, मशीनीत मायक्रोकॉम्प्युटर हाय, तोच बंद करायलाय. स्टॅबिलायझर लावला, तोबी हात टेकतो. आरं, समद्या सेलूचा लाईट चालतो, अन् ह्यालाच कमी पडतो व्हय?"

वाल्मीकनं झाकण काढलं. आत एक हिरवं कार्ड, त्याच्यावर गोमीसारखा बारक्या पायांचा काळा तुकडा. तिथून निघालेल्या बारीक तारा: एक नळीला चिकटलेली, एकीच्या कड्यातून जाड तार ओवलेली, अजून दोन-चार इकडं तिकडं. वाल्मीक हसला. खाली आंगणात जिनिंगची माणसं, शेजारी-पाजारी गोळा झालेले. अशी माणसं दिसली की ह्याच्या जिभेला धार चढायची.

"मालक, हा तर कचेरीतला बाबू हाय! ह्याची सही झाल्याबिगर काम पुढं सरकत न्हाई. काढू का ह्याला?"

"काढ की!"

वाल्मीकनं कार्डाला बाजूला सारलं. मेन लायनीतून जाड तार काढली, मधी एक मोठा खटका बसवला अन् थेट कॉम्प्रेसरला अन् पंख्याला जोडली. खटका वर ढकलला. घुर्र करून मशीन सुरू. खाली आईच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "गार आलं!"

"आता मालक," वाल्मीक माळवदाच्या कडंला उभा राहून म्हणला, "हे माझ्या परवानगीबिगर बंद पडत न्हाई!"

लोकांनी टाळ्या दिल्या. चंद्रभानरावांनी त्याला जेवायला थांबवून घेतलं.

जेवण अर्ध्यावर आलं अन् लाईट गेली. गेली अन् लगेच आली. बाकीच्यांना काहीच वाटलं न्हाई, पण वाल्मीकचा घास हातातच राहिला. माळवदावरून आवाज यायला लागला, चिखलात रुतलेल्या मोटारीसारखा. हूंऽऽ... हूंऽऽ... तो तसाच खरकट्या हातानं शिडीवर चढला. कॉम्प्रेसर फिरत नव्हता, नुसता कण्हत व्हता. खटका पाडला अन् नळीवर हात ठेवला तर तळहात भाजला.

तवा त्याच्या ध्यानात आलं. मशीन बंद झालं की नळ्यांतला दाब निवळायला वेळ लागतो. तेवढा दम खाऊ दिल्याबिगर पुन्यांदा सुरू करायचंच न्हाई. कार्डातला कुणीतरी हे ध्यानात ठेवत व्हता. त्याला तर आपण बाहेर काढलं.

"काय झालं रे?" खालून मालक.

"काय न्हाई मालक! नवीन जोडणी हाय, आजच्या दिवस बघतो जरा."

तो आजचा दिवस काही संपला न्हाई.

दुसऱ्या दिवशी जिनिंग सुरू झाली अन् करंट एवढा पडला की वाल्मीकनं खटक्याशेजारी लावलेला बल्ब शेंदरासारखा दिसायला लागला. मशीन गुरगुरलं, तार तापली. खटका पाडला. तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं कागदं-पाला येऊन पंख्याच्या जाळीला चिकटला, नळी पुन्यांदा तापली. खटका पाडला. दम खाऊ दिला, वर ढकलला. पुन्यांदा पाडला. एकेक करून समजत गेलं की त्या बारीक तारा तिथं काय करत व्हत्या. एक नळीला हात लावून बसलेली. एक जाड तारेला कडं घालून मोजत बसलेली. एक व्होल्टेजवर नजर ठेवणारी. आता नळीला हात वाल्मीकचा, तारेला बोट वाल्मीकचं, अन् नजर बल्बावर, तीबी वाल्मीकचीच.

घरी जावं कसं? आपण हललो की मशीन जळणार. दुबईचं मशीन जळालं तर चंद्रभानराव जन्मात उंबऱ्याला उभं करणार न्हाईत, अन् जिनिंगच्या मोटारी गेल्या की दुकानात काय राहतंय? कार्ड परत जोडावं तर दुपारभर मशीन बंद, म्हणजे चार लोकांसमोर मारलेली फुशारकी मातीत. अन् तिकडं फाट्यावर ऐन हंगाम. उन्हाळ्यातच तर मोटारी जळत्यात. मनकर्णा एकली.

बरं, माळवदावरून उतरायचं म्हणलं तरी सोपं नव्हतं. घरात बायामाणसं. न्हाणी आंगणात. परका गडी वर बसलेला म्हणल्यावर रीत अशी पडली की बाया आंगणात आल्या की शिडी काढून आडवी ठेवायची, अन् वाल्मीकनं पाठ घराकडं, तोंड रस्त्याकडं करून बसायचं. सकाळी धुणं, मंग अंघोळी, मंग निवडणं-पाखडणं. शिडी दुपारपर्यंत आडवीच. तहान लागली तर तोंड न वळवता ओरडायचं, "पाणी!" अन् पोहऱ्याला दोरी बांधून वर ओढायचं.

रस्त्यापल्याडच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा लिहिलेली. कुणीतरी तिच्यावर चुना फासलेला, कुणीतरी चुन्यावर पुन्यांदा तेच लिहिलेलं. दिवसभर वाल्मीकला वाचायला तेवढंच. डोक्यावर ऊन, अन् त्यात डब्याचा पंखा खोलीतली धग काढून ह्याच्याच अंगावर फेकणारा.

एक दिवस साण्यातून आवाज आला. "आरं ए, वर कोण हाय?"

साण्यात नळ्यांच्या कडंनं कापूस कोंबलेला, गारवा निसटू नये म्हणून. जिनिंगवाल्याच्या घरी कापसाला काय तोटा! वाल्मीकनं बोळा काढला अन् वाकून बघितलं. खाली बाजेवर कस्तुराबाई, चंद्रभानरावांची आई, गोधडी पांघरून बसलेली.

"मी वाल्मीक, माय. मिस्त्री."

"तूच व्हय ते? तुला कुणी रे कामं सांगितली व्हती असली?"

"का माय? गार लागत न्हाई का?"

"आरं दात वाजायलेत माझे! एवढ्या वैशाखात गोधडी घेऊन बसलेली बाई बघितली कवा? खिडकीत कापूस, दारात कापूस. कान तेवढे राहिलेत. बाहेर लिंबाखाली बाया गप्पा मारायल्यात, मला नुसतं हसणं ऐकू येतं, कशाला हसल्या ते कळत न्हाई. जीव जातो."

"मंग सांगा की मालकाला."

"कसं सांगू? नागनाथाचा फोन येतो. पहिल्या वाक्यात इचारतो, आई, गार वाटतंय का? मी म्हणते, लय गार बाबा. एकदा म्हणून बसले, आता काय माघारी घेऊ? पोरगं तिकडं उन्हातान्हात राबायलंय अन् मला इथं थंडी बोचते म्हणू?"

"तुमी बसून थंडीनं मरायलात, मी बसून उन्हानं."

"तुला तर कुणी धरलेलं न्हाई. तू कामून बसलाय?"

वाल्मीक म्हणला, "माय, करंट पडायलाय," अन् खटक्याकडं पळाला.

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. वाल्मीकनं बोळा काढायचा, म्हातारीनं तोंड वर करून बोलायचं. साण्यातून वर येणारी गार हवा वाल्मीक तोंडावर घ्यायचा, अन् वरून जाणारी ऊब म्हातारी हातावर घ्यायची. मधीच चंद्रभानराव आले की बोळा जागच्या जागी.

मनकर्णाचे निरोप जीपवाल्यासंगं यायचे. पहिला निरोप, "कवा येता?" दुसरा, "येता का न्हाई?" मधी नामांतरावरून बंद झाला, जीपा बंद, निरोपबी बंद. त्यानंतर निरोप आला न्हाई, मनकर्णाच आली.

बाईमाणूस, तिला आंगणात कोण अडवतंय? तिनं आडवी शिडी स्वतःच उचलली, लावली, पदर खोचला अन् वर आली. नवऱ्याकडं बघतच राहिली.

"आवं, हे काय? वाळवणाला घातलेला पापड झालाय की तुमचा!"

"हळू बोल. अन् तोंड रस्त्याकडं कर."

"कामून?"

"आंगणात बाया हायत."

"मंग मी कोण हाय?"

तेवढ्यात मालनबाईनं, चंद्रभानरावांच्या बायकोनं, सवयीनं शिडी काढून आडवी केली. आता दोघंबी वर.

"रामकिशनच्या विहिरीवरली मोटार मी भरली," मनकर्णा सांगायला लागली. "पण ती उचलून गाडीत घालाय कोण हाय? दोन गिऱ्हाईक पाथरीच्या मिस्त्रीकडं गेले. लोक इचारत्यात, मिस्त्री कुठं हायत? मी म्हणलं, सेलूला कॉम्प्युटर शिकायलेत."

वाल्मीक हसला न्हाई. त्यानं तिला झाकण काढून कार्ड दाखवलं. कुणाचं काय काम, ते सगळं सांगितलं. नळीवाला, कडंवाला, व्होल्टेजवाला, दम खाऊ देणारा. "अन् परभणीच्या मेकॅनिकनं अजून एक सांगितला व्हता, मालकानंच मला हसत हसत सांगितलं. म्हणला, एक जण ह्या काळ्या गोमीलाच धरून ठेवायला हाय. करंट डगमगला की हिचंच डोकं फिरतं, भलतंच काहीबाही करून बसते. तवा तो हिला म्हणतो, थांब. सगळं निवळू दे. मंग पहिल्यापासून सुरू कर."

मनकर्णानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे ते बिचारं आपलं काम करत व्हतं. तुमी त्याला हाकललं अन् आता त्याच्या जागेवर तुमीच बसलात."

"तसंच झालं."

"त्याला धरायला कुणीतरी ठेवलाय. तुमाला धरायला कोण हाय?"

साण्यातून आवाज आला. "कोण बोलायलंय रे वर?"

"माझी मालकीण हाय माय."

"तिला म्हणावं, जाताना मलाबी ने."

मनकर्णानं साण्यात वाकून बघितलं. म्हातारीनं गोधडीतून हात काढून नमस्कार केला. मनकर्णा उठली, पकड उचलली अन् नवऱ्याच्या हातात दिली. "जोडा परत. जसं व्हतं तसं."

"अन् लोक?"

"लोकांना म्हणावं वर येऊन बसा. माळवद लय मोठं हाय."

वाल्मीकनं खटका पाडला. जाड तार सोडली. बारीक तारा एकेक करून आपापल्या जागी लावल्या, नळीवरची पट्टी पुसून घट्ट केली. मशीनीनं जरा दम खाल्ला अन् आपलं आपण सुरू झालं. सकाळची वेळ, करंट बरा व्हता. वाल्मीकला वाटलं, चला, शिडी लागली की गुपचूप उतरू अन् फाटा गाठू.

पण शिडी लागायच्या आधी पाथरीहून चंद्रभानरावांचे व्याही आले. जीपभर माणसं. बाया आंगणात लिंबाखाली बसल्या, म्हणजे शिडीचा इषयच संपला. गडी माणसांना घेऊन चंद्रभानराव आईच्या खोलीत शिरले. "बसा व्याही, बसा. काश्मीर हाय काश्मीर! दिवसभर बंद म्हणून पडत न्हाई."

जिनिंग सुरू झाली. बल्ब शेंदरी झाला. वरचा डबा खुट्ट करून गप झाला.

वाल्मीकचा हात खटक्याकडं गेला, पण खटक्यात आता तारच नव्हती. मनकर्णानं त्याचं मनगट धरलं. खालून चंद्रभानरावांची आरोळी. "वाल्मीऽक! चालू कर!"

"आता व्हत न्हाई मालक!" वाल्मीक रस्त्याकडं तोंड करूनच ओरडला.

चंद्रभानराव आंगणात आले, मागं व्याही. "का व्हत न्हाई?"

"करंट कमी हाय. कमी करंटला ते बंदच पडायला पायजे. तसंच बनवलंय. करंट आला की आपलं आपण लागतंय."

"मंग इतके दिवस कसं चालत व्हतं?"

हाच तो सवाल. ह्याच सवालाच्या भीतीनं गडी इतके दिवस उन्हात बसला व्हता. त्यानं मनकर्णाकडं बघितलं, तिनं मनगट सोडलं न्हाई.

"चालत नव्हतं मालक," तो म्हणला. "मी चालवत व्हतो."

व्याही पोट धरून हसायला लागले. "म्हणजे चंद्रभानराव, मशीन दुबईचं अन् आतला कॉम्प्युटर देवगाव फाट्याचा!"

लिंबाखालच्या बायाबी हसल्या. वाल्मीकला कळलं की हे आता सेलूभर जाणार, उद्या फाट्यावर, परवा बाजारात. चंद्रभानरावांचं तोंड लालबुंद.

"शिडी लावू नका!" ते कडाडले. "मशीन चालू झाल्याबिगर हा खाली येणार न्हाई. बसू द्या!"

"मालक," मनकर्णा वरून म्हणली, "त्यांना तुमी बोलावलं व्हतं. मी तर माझी आले. मी कामून बसू?"

तेवढ्यात खोलीच्या लोटलेल्या दाराचा उरलासुरला कापूस खाली पडला. दार उघडलं. कस्तुराबाई गोधडी खांद्यावर घेऊन उंबऱ्यात आली. उन्हानं डोळे दिपले तिचे, भिताडाला हात लावून उभी राहिली.

"आई, तू कशाला आलीस? ऊन हाय बाहेर!"

"बंद पडलंय ना तुझं काश्मीर? मंग आत काय कापूस कुरतडत बसू?" ती हळूहळू लिंबाखाली गेली, बायांच्या मधी बूड टेकवलं, दोन्ही तळवे उन्हाच्या कवडशात धरले. "मालन, शिडी लाव. नवरा-बायकोला खाली येऊ दे."

"आई, नागनाथाला मी काय सांगू?"

"तू कामून सांगतो? मी सांगंन. म्हणंन, बाबा, तुझं मशीन तुझ्यापेक्षा शहाणं निघालं, झेपत न्हाई तिथं थांबतं. तूबी थांबत जा जरा." मंग शेजारणीकडं वळली. "हं, आता सांगा, कशाला हसत व्हत्या गं तुमी रोज?"

मालनबाईनं नवऱ्याकडं बघितलं न्हाई. शिडी लावली.

वाल्मीक खाली उतरला. चंद्रभानरावांना राम राम घातला. त्यांनी घेतला न्हाई. "जिनिंगच्या मोटारी आता पाथरीला जातील," एवढंच म्हणले अन् व्याह्यांकडं वळले.

"बरं मालक," वाल्मीक म्हणला. दुसरं काय म्हणणार?

मनकर्णानं रांजणातून तांब्या भरून दिला. त्यानं उभ्यानंच घटाघटा पिला, उरलेलं डोक्यावर ओतलं. दोघं फाटकाकडं निघाले. तेवढ्यात जिनिंग जेवायच्या सुट्टीला थांबली, बल्ब उजळला, अन् माळवदावरचा डबा घुर्र करून सुरू झाला. आंगणातल्या सगळ्यांनी वर बघितलं. वर कुणीच नव्हतं.

"आई, लागलं बघ!" चंद्रभानराव म्हणले.

"तूच बस जा आत," कस्तुराबाई म्हणली.

वाल्मीकचे पाय फाटकातच थांबले. नळी तापली असंल का? तार? जाळीला पाला? तो वळला, शिडीकडं दोन पावलं टाकलीसुद्धा. मनकर्णानं सदऱ्याची बाही धरली.

"कुठं निघालात?"

"बघून येतो जरा."

"तिथं हाय बघणारा."

तो कान देऊन उभा राहिला. डबा चालूच व्हता, एकसुरी. त्याचा उजवा हात अजून हवेत खटका धरल्यासारखा आवळलेला. मनकर्णानं त्याची बोटं एकेक करून सोडवली, अन् त्याला ओढतच जीपा थांबत्यात तिकडं घेऊन गेली.